दोन आयांचे दोघे

मी सिंह बोलतोय. जरा लांब बसलात तरी चालेल, पण पळू नका. पळणाऱ्याच्या मागे धावायची मला जन्माची सवय आहे, आणि हल्ली धावलो की दम लागतो. बारा पावसाळे पाहिलेत मी. आमच्यात हे वय पुष्कळ झालं. खालचा डावा सुळा मोडलाय, मागचा उजवा पाय थंडीत धरतो. आयाळ मात्र अजून काळीभोर आहे. लोक आधी तिच्याकडेच पाहतात आणि मीही त्यांना पोटभर पाहू देतो.

तुमच्यातले काही शहाणे छाती पुढे काढून सांगतात की सिंह एकटाच असतो, कळप मेंढरांना लागतो. हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं, त्याने सिंह भिंतीवरच्या चित्रात पाहिला असणार. एकटा सिंह काय चीज असते ते मी चौदा महिने भोगलंय. त्याच्याइतका चोरटा, उपाशी आणि घाबरट प्राणी रानात दुसरा नाही. कोल्हासुद्धा त्याच्याकडे पाहून जांभई देतो.

मला अभिमान आहे तो आयाळीचा नाही. म्हणजे आयाळीचाही आहे, खोटं कशाला बोलू! पण त्याहून मोठा अभिमान एका गोष्टीचा आहे. माझ्या आयुष्यातली आठ वर्षं मी एका परक्या सिंहाबरोबर काढली. तो माझ्या आईचा नव्हता, कुठल्या मावशीचा नव्हता, आमच्या रानातलासुद्धा नव्हता. त्याची ही हकिकत आहे, आणि ओघाने माझी.

पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याला काळ्या दगडांचं रान आहे, तिथे मी जन्मलो. आम्ही तिघे भाऊ. एकाला तरसांनी नेलं, दुसरा रानम्हशींच्या पायाखाली गेला. मी वाचलो त्यात माझी काही हुशारी नव्हती. त्या वेळी मी आईच्या पोटाखाली झोपलो होतो. मावश्यांना त्या साली सगळ्या मुलीच झाल्या. मुली झाल्याचा आमच्याकडे आनंदच असतो, कारण घर त्याच चालवतात. मला त्यातली अडचण कळली ती अडीच वर्षांनी.

अडीच वर्षांचा झालो आणि चार नवे सिंह आले. चौघे सख्खे भाऊ. त्यांनी माझ्या बापाला पिटाळलं आणि मग माझ्याकडे वळले. आमच्यात हे असंच चालतं, तक्रार नाही. वयात येणारी पोरं अशी हाकलली जातात तेव्हा भाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ मिळून एकदम निघतात. माझ्याबरोबर निघायला कोणीच नव्हतं. आईने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा झेब्रा खायला लागली. तिलाही दोष देत नाही, तिच्या पोटात नवी पिल्लं यायची होती.

त्यानंतरचे ते चौदा महिने. ससे खाल्ले, पक्ष्यांची अंडी खाल्ली, एकदा कासव खायला गेलो आणि अर्धा दिवस त्याला उलटंपालटं करत बसलो. सगळ्यात वाईट म्हणजे डरकाळी फोडायची चोरी. आमच्यात डरकाळी ऐकून समोर किती जण आहेत ते मोजतात. एकच आवाज आला की ऐकणारे उठतात, अंग झटकतात आणि तो आवाज बंद करायला निघतात. म्हणून चौदा महिने मी तोंड मिटून राहिलो. सिंहाच्या जन्माला येऊन मुका!

अशात एका कोरड्या नदीत मला मेलेला जिराफ सापडला. देवच पावला असं वाटलं. दोन घास घेतो तोच सोळा-सतरा तरसं गोळा झाली आणि हसायला लागली. तरसाचं हसणं ज्याने उपाशीपोटी ऐकलंय त्यालाच कळेल. तेवढ्यात समोरच्या काठावर एक सिंह उभा राहिला. माझ्याच वयाचा, तांबूस आयाळीचा, बरगड्या बाहेर आलेला, गालात साळिंदराचा काटा घुसलेला. मी त्याच्यावर गुरगुरलो, तो माझ्यावर. तरसांनी आमचं भांडण पाहिलं आणि ती आणखी पुढे सरकली. मग आम्ही दोघांनीही एकदमच हिशेब केला असावा. तो खाली उतरला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, तरसांकडे तोंड करून. मीही वळलो.

ओळख झाली ती अशी. तो शेपटीकडून खात होता, मी मानेकडून. दुसऱ्या दिवशी पोटं भरली तेव्हा दोघांच्यामध्ये फक्त हाडं उरली होती.

तो गेला नाही, मीही गेलो नाही. तो पुढे चालायचा, मी दगडफेकीच्या अंतरावर मागे. मध्येच थांबून तो मागे बघायचा आणि मी उगाच झाडाकडे बघायचो. रोज अंतर थोडं कमी व्हायचं. अकराव्या दिवशी सकाळी त्याने येऊन डोकं माझ्या डोक्यावर घासलं. माझ्या आईनंतर मला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे पंजा. मला काय करावं ते सुचेना. मी त्याचा काटा घुसलेला गाल चाटला आणि तो कळवळून ओरडला. ही आमची शपथ.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून डरकाळी फोडली. एकाचा श्वास संपायच्या आत दुसऱ्याने आवाज उचलायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं तिघे आहेत. आधी माझा आवाज फाटला, मग त्याचा. पण कोणी मारायला आलं नाही.

आता माणसांची ओळख करून देतो. पारमुआत हा मासाई तरुण, आमच्या रानाभोवती गुरं राखणाऱ्या लोकांतला. आमच्या मागावर राहणं हे त्याचं काम. रोज सकाळी वाळूतली पावलं वाचायची, आम्ही कुठे आहोत ते गुराख्यांना सांगायचं, म्हणजे ते गुरं दुसऱ्या अंगाला नेतात. त्याचे आजोबा आमच्या मागावर भाला घेऊन यायचे, हा वही घेऊन येतो. खरं सांगू? मला भाल्यात मान जास्त वाटायचा. पण वहीनेच आम्हाला जगवलं, तेव्हा गप्प बसतो.

आम्हाला नावंही त्यानेच दिली. मासायांची सगळी घराणी दोन बाजूंत मोडतात, काळ्या बैलाची आणि तांबड्या बैलाची. माझी आयाळ काळी म्हणून मी ओरोक, काळा. त्याची तांबूस म्हणून तो ओडो, तांबडा. वस्तीवर पुष्कळ हसू झालं, पण नावं चिकटली.

एका सकाळी माणसांच्या विहिरीजवळच्या झुडपात आम्ही पडलो होतो. वर गुरं पाण्यावर आली होती. त्या गुरांचा मालक मेइतामेई हा म्हातारा, काळ्या बैलाच्या बाजूचा. तरुणपणी त्याने भाल्याने सिंह मारलाय. खांद्यावर त्याची खूण आहे, आणि ती दिसावी अशीच तो चादर गुंडाळतो.

"ते दोघे भाऊ आहेत का रे?" त्याने पारमुआतला विचारलं.

"नाही पापा," पारमुआत म्हणाला. कुठल्याही वडीलधाऱ्याला ते लोक पापाच म्हणतात. " काळा आपल्या इथलाच, दगडांच्या रानातला. तांबडा हिरव्या टेकड्यांच्या पलीकडून आलाय. मिशांच्या मुळाशी ठिपके असतात ना, ते बघून सांगतो. दोघांच्या आया वेगळ्या."

"मग लिहून ठेव तुझ्या त्या वहीत. पहिला वाईट दिवस आला की तांबडा काळ्याला टाकून जाणार."

"कशावरून?"

"अरे, सख्खे भाऊ एका कालवडीवरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. माझाच भाऊ बघ की. ह्यांना बांधून ठेवायला आहे काय?"

पारमुआतने वहीत काहीतरी लिहिलं. मला राग आला. राग अशासाठी आला की हाच विचार रोज माझ्याही मनात येऊन जायचा. भाऊ असला तर त्याची पिल्लं आपल्या रक्ताची असतात. स्वतःला काही मिळालं नाही तरी पुतणे वाढतात, त्यात समाधान असतं. परक्याला परक्याजवळ थांबून काय मिळणार? ओडो शेजारी पोट वर करून घोरत होता. त्याला असले प्रश्न पडत नसत.

आणि वाईट दिवस आला.

दोन पाऊस चुकले. गवत गेलं, झेब्रे गेले, उरल्या त्या रानम्हशी. उपाशी सिंह म्हशीच्या नादी लागतो तेव्हा त्याची अक्कल आधीच पोटात गेलेली असते. तिचं शिंग माझ्या मागच्या उजव्या मांडीत शिरलं. ओडोने तिला हुसकलं नसतं तर मी आज बोलत बसलो नसतो.

एका ओढ्यापाशी दाट झुडपं होती. माणसांनी सोडलेल्या विहिरीत तिथे थोडं पाणी झिरपायचं. फरफटत पाण्यापर्यंत जायचं आणि फरफटत परत यायचं, एवढंच मला जमत होतं. जखमेला वास यायला लागला. ओडो बाहेर जायचा, काही मिळालं तर खाऊन यायचा, न मिळालं तर तसाच यायचा. त्याच्या तोंडाला रक्ताचा वास आला की मी मान फिरवून घ्यायचो. खाल्लं म्हणून राग नव्हता. सिंहाने सिंहाला भरवायची आमच्यात पद्धत नाही. जो उठू शकत नाही, तो राहतो.

पाचव्या दिवशी ओडो गेला तो आलाच नाही. सहाव्या दिवशीही नाही. सातव्या संध्याकाळी पाणथळीच्या बाजूने डरकाळ्या ऐकू आल्या. तिकडे दोन धडधाकट भाऊ नव्याने आले होते, त्यांचे आवाज मी ओळखत होतो. पण मोजले तर आवाज तीन होते. तिसरा ओडोचा होता.

मी काय समजायचं ते समजलो. मेइतामेई म्हातारा शहाणा होता. मला त्या रात्री मरणाची भीती नव्हती वाटली. फार अपमान वाटला.

आठव्या दिवशी दुपारी ओडो आला. कान फाटलेला, पोट पाठीला लागलेलं. तो त्या दोघांत सामील व्हायला गेला होता की त्यांच्याशी भांडून आला होता, ते मी कधीच विचारलं नाही. असलं विचारणं आमच्यात असभ्य समजतात. तो माझ्याशेजारी धपकन पडला आणि झोपला.

नवव्या दिवशी दुपार कलताना एक गाय गुरांमागे राहिली आणि ओढ्यात उतरली. ओडोने ती मारली. आम्ही दोघांनी ती खाल्ली. मारणं आणि खाणं यांच्यामध्ये एक गोष्ट घडली. ती मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही. सांगेन, पण आधी माणसांनी काय वाचलं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर माणसं आली. नऊ तरुण, नऊ भाले. पुढे ओलुबी, मेइतामेईचा धाकटा मुलगा, नुकताच भाला हातात आलेला. मागून मेइतामेई काठी टेकत, आणि त्याच्याही मागून त्याची बायको रेसिआतो, शोक करत. आम्ही तीस पावलांवर झुडपात होतो. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे होता, त्यांच्या अंगाला लावलेल्या तांबड्या मातीचा वास मला येत होता. मला पळता येणार नव्हतं. ओडोला येणार होतं. मागची बाजू पूर्ण मोकळी होती. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खांदा माझ्या खांद्याला आणखी घट्ट लावला आणि समोर बघत राहिला.

इतक्यात पारमुआत धावत येऊन भाल्यांच्या समोर उभा राहिला.

"माझी नामुन्याक!" रेसिआतो गाईच्या डोक्यापाशी बसली. "सहा वासरं दिलीन मला. ह्या दुष्काळात एकटी दूध देत होती. आता नातवंडांना काय पाजू, पारमुआत? तुझी वही?"

"येयो, आई, माझं चुकलं. ह्यांची पावलं मला कालच दिसायला हवी होती."

"दिसली नाहीत ना? मग हो बाजूला," ओलुबी म्हणाला. "एक लंगडा आहे, तो पळणार नाही. मध्ये उभा राहिलास आणि तुला लागलं, तर मित्राने मारलं म्हणून रडू नकोस."

"आधी पावलं वाचू दे. मारायचंच आहे तर कोणी काय केलं ते तरी कळू दे."

"पावलं वाचून गाय उठणार आहे का?"

"वाचू दे त्याला," मेइतामेई म्हणाला. गाय त्याच्या गोठ्यातली, तेव्हा शब्दही त्याचा. भाले जमिनीत रोवले गेले. पण हात त्यांच्यावरच होते.

पारमुआत वाकला. ओढ्याची वाळू बारीक, त्यात पाऊल सुरेख उठतं.

"इथे तांबड्याने धरली. एकट्याने. लंगड्याचं पाऊल इथे नाही. ही पाडली. ही चार-पाच पावलं ओढली. आणि सोडली."

"सोडली म्हणजे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"म्हणजे खाल्ली नाही, पापा. हा इथून निघाला, सरळ झुडपाकडे. बघा, केवढी लांब पावलं. धावत गेलाय." पारमुआत तसाच वाकून चालत झुडपाच्या दिशेने दहा पावलं आला. मी श्वास धरला. त्याला आम्ही दिसलो असणार, पण तो वळला. "आणि झुडपातून दोघे आलेत. एक तीन पायांवर. इथे लंगडा बसलाय. तांबडाही शेजारी बसलाय. पुन्हा उठलेत. इथे परत बसलेत. तीन वेळा. मग गाईपाशी. मग दोघांनी मिळून खाल्ली."

मेइतामेई गुडघे मोडून खाली बसला आणि ओडोच्या पावलावर त्याने हात ठेवला.

"उपाशी होता का हा?"

"परवा पाहिला तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. चार दिवसांचा तरी."

"चार दिवसांचा उपाशी, समोर ताजी गाय, आणि हा सोबत्याला बोलवायला धावला."

इथे एक सांगायला हवं. मासाई तरुण हातात भाला घेतो तेव्हापासून त्याने एकट्याने दूध प्यायचं नाही, एकट्याने मांस खायचं नाही. बरोबरीचा सोबती जवळ असला तरच. नसला तर उपाशी राहायचं. ह्या नियमावर ती माणसं माणूस ओळखतात.

"पापा, तो सिंह आहे," ओलुबी म्हणाला. "आपली रीत त्याला कोणी शिकवली?"

"तुला कोणी शिकवली? मीच ना? आणि परवा आईच्या घरात भिंतीकडे तोंड करून एकटाच दूध ढोसत होतास, ते मी पाहिलं नाही असं वाटतं तुला?"

बाकीचे आठही तरुण एकदम हसले. ओलुबीने भाला उपटला आणि पुन्हा रोवला. बिचाऱ्याला हाताचं काय करावं ते समजेना.

"ह्यांचं ऐका!" रेसिआतो उसळली. "गाय माझी मेली आणि हे रीत सांगतायत! ह्याच रितीपायी तरुणपणी आमच्या दारात आलात, दोन दिवसांचे उपाशी. मी दुधाने भरलेला पोकळ भोपळा घेऊन उभी. तर हा मुलुखाचा शहाणा म्हणतो, लेकिशोन आला की पितो. लेकिशोन उगवला तिसऱ्या दिवशी. दूध आंबलं, माझे हात अवघडले!"

"त्याचा पाय मुरगळला होता."

"ठाऊक आहे. मीच शेकला तो पाय."

"लेकिशोन तांबड्या बैलाचा, मी काळ्याचा," म्हातारा तरुणांकडे वळून म्हणाला. "माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोलत नाही. लेकिशोन तीस वर्षं माझ्याशिवाय जेवला नाही. तो गेला त्या वर्षी मी किती दिवस..."

"किती दिवस ते मला विचारा," रेसिआतो हळू आवाजात म्हणाली. तिने गाईच्या कपाळावरून हात फिरवला. मग पारमुआतने गाईच्या गळ्यातली घंटा सोडवून तिच्या हातात दिली. ती उठली, ओलुबीसमोर जाऊन उभी राहिली.

"भाले घरी न्या. गाय माझी होती, मी सांगते." मग ती झुडपाकडे वळून, आमच्याकडे बघत, मोठ्याने म्हणाली, "आणि तुम्ही दोघे ऐका! दुसरी गाय धरलीत तर मी स्वतः भाला घेऊन येईन. एकटी येईन. सोबत्याची वाट बघत बसणार नाही!"

ती माणसं गेली. जाता जाता मेइतामेई पारमुआतला म्हणाला, "माझं ते वहीतलं खोडून टाक." पारमुआत म्हणाला, "मी लिहिलंच नव्हतं, पापा."

पुढचं सांगायला मला फार आवडतं, पण आटपतं घेतो. मांस पोटात गेलं, पायाने जोर धरला, पाऊस आला. पाणथळीवरच्या त्या दोन भावांना आम्ही हुसकून लावलं. सख्ख्या भावांना! सात सिंहिणींचं ते रान पावणेचार वर्षं आमचं होतं. सिंहिणींच्या बाबतीत आमच्यात वाटा सारखा असायचा. भावाभावांत एकाने जास्त घेतलं तरी दुसरा चालवून घेतो, घरातच राहतं म्हणून. आम्हाला ती सवलत नव्हती. त्याची वेळ आली की मी दूर जाऊन आडवा व्हायचो, माझी वेळ आली की तो. आमची अकरा पिल्लं वाढली. कोणती त्याची, कोणती माझी, हे सिंहिणींना ठाऊक असेल. आम्ही दोघे सगळ्यांच्याच शेपट्यांचा छळ सोसत होतो. दुसरी गाय आम्ही कधी धरली नाही. रेसिआतोचा शब्द आम्हाला कळला होता असं माणसं म्हणतात. म्हणोत बापडी.

मग तिघे तरुण आले आणि आमची वेळ संपली. लढून हरलो, त्याची लाज नाही.

ओडो गेल्या उन्हाळ्यात गेला. कोणी मारला नाही, थकून गेला, बाभळीखाली, माझ्या पायावर मान ठेवून. दोन दिवस मी तरसं जवळ येऊ दिली नाहीत. तिसऱ्या दिवशी पारमुआत मेइतामेईला हाताला धरून घेऊन आला. म्हाताऱ्याला आता दिसत नाही. मी बाजूला झालो. त्याने मूठभर हिरवं गवत ओडोच्या अंगावर ठेवलं, ते लोक मानाच्या माणसाला ठेवतात तसं, आणि म्हणाला, "हा एकटा जेवला नाही."

आता ओडो नाही, म्हणून सांगतो. तो असेपर्यंत त्याची अब्रू मला राखायची होती.

ओडोला रीतबीत काही ठाऊक नव्हती. त्या गाईच्या गळ्यात घंटा होती. पाडताना धावपळीत तिचा आवाज त्याच्या ध्यानात आला नाही. पण गाय मेल्यावर तो ओढायला लागला आणि त्याच्या तोंडाखाली ती घंटा घणघणली. मेलेली गाय बोलते आहे असं त्याला वाटलं. पुन्हा ओढली, पुन्हा बोलली. म्हशीच्या शिंगांपुढे उभा राहिलेला माझा वीर शेपूट घालून जो पळाला, तो थेट झुडपात. लांब लांब पावलं पडली ती त्यामुळे. पारमुआतला हे तेव्हाच कळलं असणार. त्याने पावलांमधलं अंतर पाहिलं होतं, घंटाही त्यानेच सोडवली होती. सिंहाची भ्यायलेली चाल आणि हौसेची चाल त्याला वेगळी ओळखता येत नाही, हे मी मानणार नाही. पण तो काही बोलला नाही. मोठा माणूस.

तुम्ही म्हणाल, म्हणजे म्हातारा फसलाच. मीही कित्येक वर्षं तसंच धरून चाललो होतो, आणि मनात हसत होतो. ह्या उन्हाळ्यात एकट्याने पडल्या पडल्या मला निराळं दिसायला लागलं.

भ्यायलेला जीव कुठे पळतो? चारी बाजूंना मोकळं रान होतं. पाणथळीवर दोन धट्टेकट्टे भाऊ होते, आणि त्यांच्या आवाजात आवाज मिसळून दोन दिवस झाले नव्हते. तिकडे नाही पळाला. पळाला तो नऊ दिवस सडत पडलेल्या लंगड्याकडे, ज्याला अंगावरची माशी हाकलवत नव्हती. मी त्याला कशापासून वाचवणार होतो? पण तो आला, माझ्या मानेखाली त्याने डोकं खुपसलं आणि थरथरत राहिला. आणि मी उठलो. म्हशीने पाडल्यापासून पहिल्यांदा तीन पायांवर उभा राहिलो, आणि पुढे होऊन त्याला म्हणालो, चल, दाखव कोण बोलतंय ते.

वाटेत तीनदा बसलो, पण गेलो.

तेव्हा बाबांनो, एवढंच मागणं आहे. रानात दोन सिंह खांद्याला खांदा लावून चालताना दिसले, आणि कोणी जाणता सांगेल की ह्यांच्या आया वेगळ्या, तर कौतुकाने त्यांना भाऊ म्हणू नका. तो त्यांचा मान नाही. भाऊ मलाही होते दोन. ते मला आपोआप मिळाले होते.